वडाच्या बोन्सायची मुळं छाटून रिपॉटिंग (नव्या मातीत पुन्हा लावणं) करून घेतलं, नर्सरीचा सविस्तर अनुभव

ज्यांच्याकडे पाच-सात वर्षांचं बोन्साय आहे आणि हल्ली पाणी घातलं की ते वरच साचून राहतंय, त्यांनी जळगावच्या बाहेरच्या या नर्सरीत झाड एकदा नेऊन दाखवा. मी आमचा वड नेला होता. पाचपैकी चार स्टार देतोय, एक का कापला ते पुढे लिहिलंय, तेही वाचा.

आधी झाडाबद्दल. हा वड पप्पांनी 2009 साली अमळनेरच्या जुन्या घरामागच्या विहिरीच्या कठड्यातून काढून आणला, तेव्हा बोटाएवढी काडी होती. आधी तेलाच्या डब्यात, मग कुंडीत, आणि 2017 ला उथळ ट्रेमध्ये. त्यानंतर सात वर्षं त्याला कोणी हात लावला नाही. माती शेतातलीच, आपली काळी. कापसाला आणि केळीला ती माती सोनं आहे, खोल ओल धरून ठेवते, पण तीच माती दोन-अडीच इंचाच्या ट्रेत भरली की उन्हाळ्यात ढेकूळ होऊन कडेने सुटते, घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो, आणि पावसाळ्यात त्याचाच चिखल. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी माती आहे ती, त्यात बारीक मुळं तुटतात. आमच्या वडाची पानं गेल्या दोन वर्षांत आपोआप लहान होत चालली होती आणि मला वाटायचं छान, बोन्सायला लहान पानंच हवीत. ते उपाशी होतं हे मला कळलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मे महिन्यात ट्रेच्या भोकांतून मुळं बाहेर आलेली दिसली आणि खोड एका बाजूने वर उचललं गेलं होतं. मी लगेच गाडीत टाकून नर्सरीत नेलं. बाहेर 44-45 डिग्री. नर्सरीवाले नाना साठीच्या पुढचे आहेत, त्यांनी झाड बघितलं, ट्रेच्या खालून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आते नही. पानी पडू दे, मंग ये." मी म्हटलं नाना मी एवढ्या लांबून आलोय, पैसे आत्ता घ्या, करून टाका. नाहीच म्हणाले. "झाड दमेल शे," म्हणजे झाड दमलंय, एवढंच. मुळं छाटली की झाडाची पाणी ओढायची ताकद कमी होते, पानं मात्र उन्हात आणि गरम वाऱ्यात पाणी सोडतच राहतात, खान्देशातल्या मे मध्ये ते झाड कशाच्या जोरावर जगणार, असं त्यांनी नीट समजावलं. तोपर्यंत काय करायचं तेही सांगितलं, दुपारचं सावलीत ठेव, आणि आठवड्यातून दोनदा अख्खा ट्रे बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेव म्हणजे मधला गोळा भिजेल. याचा एक रुपया घेतला नाही.

मला हे का एवढं भिडलं सांगतो. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या दुकानात मी माझी कामिनी (फुलझाड) दिली होती, एप्रिलच्या शेवटी, त्यांनी काही न विचारता अर्ध्याच्या वर मुळं उडवली, नवीन चकचकीत कुंडीत लावली, लगेच खत घातलं आणि उन्हात ठेवायला सांगितलं. बारा दिवसांत संपली. नऊ वर्षांचं झाड होतं. त्यामुळे गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असताना जो माणूस नाही म्हणतो त्याच्याकडेच झाड द्यायचं हे मी त्या दिवशीच ठरवलं.

जूनच्या शेवटी, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर परत गेलो. नानांनी मला शेजारी बसू दिलं आणि सगळं समोर केलं, हे मला फार आवडलं, नाहीतर बऱ्याच ठिकाणी झाड आत नेतात आणि तासाभराने बाहेर आणून देतात, आत काय केलं देव जाणे.

आधी दोन दिवस पाणी कमी दिलं होतं, त्यांनीच सांगितलं होतं तसं, म्हणजे माती सुटते. पातळ विळा ट्रेच्या कडेने फिरवला आणि गोळा उचलला. खाली मुळांची अक्षरशः चटई झाली होती, ट्रेच्या आकाराची, गोल गोल फिरलेली, बोटही आत जाईना. मग लोखंडी आकडा घेतला, एका दाताचा, आणि कडेकडून बाहेरच्या दिशेने विंचरायला लागले, जसे गुंता झालेले केस खालून सोडवतात तसंच, मधून ओढायचं नाही, ओढलं की खोडाजवळचं साल निघतं. यालाच पाऊण तास लागला. मधेमधे स्प्रेने पाणी मारत होते आणि जिथे काम नाही ती बाजू ओल्या गोणपाटाने झाकलेली. बारीक पांढरी मुळं वाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटांत सुकतात आणि पाणी ओढायचं खरं काम तीच करतात, म्हणून एवढी काळजी.

मुळं सोडवून झाल्यावर ट्रेच्या बाहेर चांगली दोन वीत लांब लोंबत होती. मी घाबरलोच. नानांनी सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसला आणि खालची जाड, सरळ खाली जाणारी मुळं आधी काढली. त्यांचं म्हणणं, जाड मूळ हे झाड धरून ठेवायला असतं, ट्रेमध्ये धरून ठेवायचं काम तार करेल, आपल्याला खोडाजवळची बारीक मुळं हवीत. प्रत्येक कापावर वडाचा पांढरा चीक येत होता, ओल्या फडक्याने टिपत गेले. एकूण अंदाजे तिसरा हिस्सा काढला असेल. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी यापेक्षाही जास्त सहन करतात म्हणाले, पण सात वर्षांनी पहिल्यांदाच हात लागतोय आणि झाड आधीच अशक्त आहे, म्हणून एवढ्यावर थांबू, उरलेलं दोन वर्षांनी. जुनी काळी मातीही सगळी काढली नाही, खोडाच्या लगतचा थोडा गोळा ठेवला. वरच्या बाजूला एक मूळ दुसऱ्या मुळावरून आडवं जाऊन खोडाला करकचून बसलं होतं, ते कापलं आणि खालून सुंदर पसरलेला बुंधा दिसायला लागला, चारी बाजूंनी मुळं जमिनीत शिरतात तसा. पंधरा वर्षांत आम्ही तो बघितलाच नव्हता. मी लगेच पप्पांना व्हिडिओ कॉल लावला.

मातीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथेच सगळे चुकतात, मीही चुकलो. यांचं मिश्रण म्हणजे भाजलेल्या विटेचा दाणा, ज्वारीपेक्षा थोडा मोठा, त्यात बारीक खडी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं गांडूळखत. जपानमध्ये यासाठी अकादामा नावाची दाणेदार चिकणमाती वापरतात, ती इथे मागवली तर मातीचाच खर्च झाडापेक्षा जास्त होतो, विटेच्या दाण्यात पाणी धरायचं आणि हवा खेळू द्यायची अशी दोन्ही कामं होतात आणि आपल्याकडे वीटभट्ट्यांना तोटा नाही. मी विचारलं तळाला खड्यांचा थर नाही का टाकत, आपल्या घरात सगळ्या कुंड्यांना टाकतात. नानांनी एक साधा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला, पाणी गळायचं थांबलं, मग तोच उभा केला तर परत धार लागली. उथळ भांड्यात तळाशी ओला थर राहतोच, खड्यांचा थर दिला तर तो ओला थर फक्त वर सरकतो, मुळांच्या अजून जवळ. म्हणून थर नको, सगळी मातीच दाणेदार हवी. इतकं सोपं करून मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचं काम पटापट झालं. भोकांवर प्लास्टिकची जाळी तारेने घट्ट, मधे मिश्रणाचा छोटा ढीग, त्यावर झाड ठेवून डावी-उजवीकडे हलवत बसवलं, बरोबर मध्यावर नाही, थोडं एका बाजूला आणि किंचित मागे. मग ॲल्युमिनियमची तार मुळांवरून घेऊन आवळली, तारेखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. झाड वाऱ्याने हललं की नवीन फुटलेली मुळं तुटतात म्हणून हे बांधणं. शेवटी मिश्रण भरून एका काडीने टोचत टोचत आतल्या पोकळ्या भरल्या, आणि खालून निघणारं पाणी नितळ होईपर्यंत झारीने पाणी. पानं सगळी काढली नाहीत, फक्त मोठी जुनी काढली. सगळी काढली तर नवीन मुळांना लागणारं अन्न बनवणार कोण, असं त्यांचं मत आहे आणि मला ते पटलं.

चार्ज 450 रुपये आणि मिश्रणाचे वेगळे. जवळपास दोन तासांच्या कामाचे. मला तर कमीच वाटले.

घरी आल्यावर तीन आठवडे सावलीत, वारा लागणार नाही असं, आणि सहा आठवडे खत बंद. चौथ्या दिवसापासून पानं पिवळी पडून गळायला लागली, आठ-दहा गेली असतील, मी रात्री उठून टॉर्चने बघायचो. नानांना फोन केला तर दोन दिवस उचललाच नाही, तिसऱ्या दिवशी बोलले, खोड नखाने किंचित खरवड, हिरवं आहे ना, मग गप बस आणि पाणी जास्त घालू नको. सतराव्या दिवशी टोकाला लालसर कोंब दिसला. आता अडीच महिने झालेत, पानं पूर्वीपेक्षा मोठी आणि गडद आहेत, पाणी घातलं की दोन-तीन सेकंदांत आत जातं. आमच्या बोअरच्या पाण्याने ट्रेच्या काठावर पांढरे क्षार बसायचे, तेही सध्या कमी आहेत, एकतर पावसाचं पाणी मिळालं आणि दुसरं म्हणजे आता पाणी आरपार वाहून क्षार सोबत नेतं.

आता एक स्टार का कापला ते. ऑगस्टमध्ये माझं जेड (जाड, रसाळ पानांचं झाड) नेलं होतं, त्या दिवशी नाना नव्हते, कामावरच्या पोराने मुळं छाटली आणि वडाला घालतात तसं लगेच भरपूर पाणी घातलं. जेडला हे चालत नाही. त्याच्या पानात-खोडात पाणी साठलेलं असतं, छाटल्यावर जखमा कोरड्या व्हाव्या लागतात, आठवडाभर तरी पाणी नको, अडेनियम या जाड बुंध्याच्या फुलझाडाचंही तेच. मला तेव्हा माहीत होतं पण मी उशिरा बोललो. एक फांदी बुंध्यापासून मऊ होऊन गेली, बाकीचं झाड मी परत उपटून चार दिवस कोरडं ठेवलं म्हणून वाचलं. नानांना दाखवलं तेव्हा त्यांनी चूक मान्य केली, पोराला माझ्यासमोर बोलावून समजावलं आणि पैसे परत दिले. तरी फांदी गेली ती गेलीच. म्हणून फोन करून नाना स्वतः आहेत का हे विचारल्याशिवाय जाऊ नका.

दुसरं, मिश्रणाची तयार पिशवी विकत घेतली तर घरी आल्यावर चाळून घ्या. मी पाच किलो घेतली त्यात जवळजवळ किलोभर विटेची बारीक पूड निघाली. ती तशीच भरली की वर्षभरात तळाशी बसून भोकं बंद, मग एवढं सगळं करून उपयोग काय. पिठाची चाळणी नको, ती फार बारीक होते, रव्याची चालते. आणि तिथे विकायला ठेवलेले ट्रे दिसायला छान आहेत पण काहींना एकच भोक आहे आणि तार बांधायला जागा नाही, ते घेऊ नका, बिनचकाकीचा मातीचा आयताकृती आहे तो घ्या.

रस्ता खराब आहे, शेवटचा अर्धा किलोमीटर गाडी हळू चालवा, झाड मागच्या सीटवर असेल तर कोणालातरी धरून बसायला सांगा. पप्पा धरून बसले होते, वड परत नेताना, दोन्ही हातांनी, अमळनेरपर्यंत.

आता डाळिंब न्यायचंय. ते थंडीत पान गाळतं म्हणून त्याला पावसाळा नाही, फेब्रुवारीत कळ्या फुगायच्या आत करायचं असं नाना म्हणाले. मी तारीख मागितली तर दिली नाही, जानेवारीच्या शेवटी फोटो पाठव, कळ्या बघून सांगतो.