प्रोबेशनवरचा मुलगा: एमएसटी की एफएफटी?

अमेरिकेत प्रोबेशनवरच्या, म्हणजे कोठडीऐवजी न्यायालयाच्या देखरेखीखाली घरी राहणाऱ्या मुलांनी पुन्हा गुन्हा करू नये म्हणून हे दोन कार्यक्रम वापरतात. दोन्ही कुटुंबाला धरून चालतात.

एमएसटी म्हणजे मल्टिसिस्टिमिक थेरपी. थेरपिस्ट घरी येतो. त्याच्याकडे ४ ते ६च कुटुंबं, मुदत ३ ते ५ महिने, आणि टीममधलं कुणीतरी २४ तास फोनवर. रात्रीचे अकरा वाजले, पोरगं घरी नाही. कोणत्या मित्राकडे विचारायचं, सकाळी कोणती सवलत काढून घ्यायची, हे आईबरोबर आधीच ठरलेलं असतं. शाळा, मित्र, शेजार, सगळ्यांत हात घालावा लागतो. म्हणून खर्चही जास्त.

एफएफटी, म्हणजे फंक्शनल फॅमिली थेरपी, त्या मानाने आटोपशीर: बहुतेकदा डझनभर बैठका. सुरुवातीला नियम लावायचे नाहीत, आधी एकमेकांवरचा दोषारोप खाली आणायचा. इथे घाई केली की वडील गप्प होतात आणि कुटुंब यायचं थांबतं. वॉशिंग्टन राज्याच्या २००४च्या मूल्यमापनात फेरगुन्हे घटले ते फक्त कुशल थेरपिस्टांकडे. तेव्हा थेरपिस्टांच्या कामावरच्या देखरेखीचे पैसे कापू नका!

भांडणाचं मूळ घरातच असेल तर एफएफटी पुरते. शाळा सुटलेली, संगत बिघडलेली असेल तर एमएसटीच घ्यावी.