माती गावी करावी की शहरातच?

छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात माणूस गेला आणि घर गंगाखेडकडे किंवा उदगीरकडे असले, की सोयऱ्यांचे फोन सुरू होतात आणि जो तो एकच विचारतो, ‘माती कुठं, किती वाजता?’ त्या वेळी निर्णय घेणारा बहुधा बिलाच्या खिडकीपाशी उभा असतो. म्हणून दोन्ही वाटांचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

गावी नेण्याच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणसे. भावकीतले चौघे अर्ध्या तासात तिरडी बांधतात, शिकाळे आणि मडके कोणी तरी न सांगता आणून ठेवते, आणि ज्या म्हाताऱ्या बहिणीला प्रवास झेपत नाही तिलाही भावाचे तोंड पाहता येते. स्वतःच्या शेतात माती करायची इच्छा गेलेल्या माणसाने बोलून दाखवली असेल, तर मग तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

अडचण येते ती वेळेची आणि लाकडाची. पाच-सहा तासांच्या प्रवासासाठी शववाहिका स्वतःच ठरवावी लागते, कारण १०८ ची रुग्णवाहिका रुग्णांसाठी असते. आणि वैशाखात बर्फाची किंवा शीतपेटीची सोय नसेल तर देह टिकत नाही. एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो वाळलेले लाकूड लागते. माझ्या चुलत्यांना आम्ही भर श्रावणात गावी नेले, तेव्हा ओढा भरून वाहत होता, स्मशानभूमीवर पत्र्याचे शेड नव्हते आणि ओली बाभूळ पेट घेईना. शेवटी गोठ्याचे जुने आढे काढून गोवऱ्यांवर रचावे लागले. चुलत्यांनी ते स्वतः बसवले होते, एवढेच त्यातले समाधान.

शहरात लाकूड, ओटा, शेड आणि पाणी एका जागी मिळते. जिथे गॅस किंवा विद्युत दाहिनी आहे तिथे दीड-दोन तासांत दहन होते आणि अस्थी बहुधा त्याच दिवशी हाती येतात. लाकडाच्या चितेची राख मात्र थंड होऊ द्यावी लागते, म्हणून ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सावडतात. दाहिनी सुरू आहे की दुरुस्तीला, हे निघण्याआधी फोनवर विचारावे. उणीव एवढीच की गावची निम्मी माणसे पोहोचत नाहीत आणि पुढे वर्षभर ‘आम्हाला तोंडसुद्धा दाखवलं नाही’ हे ऐकावे लागते.

माझे मत असे की प्रवास चार तासांहून अधिक असेल आणि दिवस उन्हाळ्याचे किंवा मुसळधार पावसाचे असतील, तर दहन शहरात करून अस्थी गावी न्याव्यात. दहावा-तेरावा गावी केला, अस्थी पैठणला, गंगाखेडला किंवा नांदेडला गोदावरीत सोडल्या, तर भावकीलाही त्यात सहभागी होता येते. लातूर-धाराशिवकडच्या अनेक लिंगायत घरांत मात्र दहन नसून दफन असते आणि त्यासाठी समाजाची जागा व विधी करणारा जंगम दोन्ही लागतात, त्यामुळे तिथे गावाकडेच कल राहणे स्वाभाविक आहे. देहदानाचा संकल्प असेल तर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला लगेच कळवावे. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते, आणि ते केल्यावरही माती नेहमीप्रमाणे करता येते.

कागदांच्या बाबतीत पुष्कळांचा गैरसमज असतो. मृत्यूची नोंद माती जिथे झाली तिथे होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. माणूस शहरातल्या दवाखान्यात गेला असेल तर माती गावी करूनही दाखला शहरातूनच घ्यावा लागतो. घरी, गावी गेला असेल तर ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत कळवावे. दवाखान्यातून निघण्यापूर्वी त्यांच्या कागदावरचे नाव आधार कार्डाशी आणि सातबाऱ्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. आमच्या चुलत्यांच्या नावात दवाखान्याने एक काना जास्त दिला होता, आणि तेवढ्यावरून तलाठ्याकडची वारसनोंद पुढच्या पेरणीपर्यंत अडून राहिली.