पाणलोट क्षेत्राची हद्द: नकाशावर हाताने की संगणकावर?

जंगलातल्या डोंगरी ओढ्याचं पाणलोट (ज्या भागावरचं पाणी त्या ओढ्यात येतं तो भाग) आखायचं आहे, पण पद्धत ठरत नाही, अशांसाठी.

अचूकता आधी पाहू. १:५०,००० च्या नकाशावर १ मिमी जाड पेन्सिल म्हणजे जमिनीवर ५० मीटर, तेव्हा टोक बारीकच हवं. ओढ्याच्या मुखापासून सुरुवात करून समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) काटकोनात छेदत वर चढा, शिखरं आणि खिंडी जोडा. रेषांचं टोक चढाकडे वळलं तर घळ, उताराकडे वळलं तर सोंड. नेमकी हीच उलटापालट सर्वाधिक होते. आखलेली हद्द मुखाखेरीज कुठेही ओढा ओलांडत असेल, तर ती चुकली.

संगणकावर एसआरटीएम या अंतराळातून झालेल्या मोजणीची उंची वापरतात. तिची एक चौकट, म्हणजे एकच उंची दिलेला जमिनीचा तुकडा, सुमारे ३० मीटरची. २००० साली रडारने केलेली ही मोजणी दाट झाडीत जमिनीऐवजी पर्णछत्राजवळची उंची देते. म्हणून जंगलाची कड खोट्या उंचवट्यासारखी दिसते आणि सपाट खिंडीत हद्द सरकते. शिवाय या उंचीतले खोटे खळगे आधी भरावे लागतात, नाहीतर संगणकावर पाणी तिथेच अडतं. मुखाचा बिंदू प्रवाहाच्या चौकटीपासून एका चौकटीने जरी बाजूला पडला, तरी पाणलोट चिमुकलं निघतं.

वेळेत मात्र संगणक निर्विवाद पुढे.

एखादाच ओढा असेल आणि हद्दीवर चालत जायचं असेल, तर हातानेच आखा. क्षेत्रफळासाठी आलेखकागद पुरतो, १ चौ. सेमी म्हणजे ०.२५ चौ. किमी. अनेक उपपाणलोट किंवा उताराचे आकडे हवे असतील तर संगणक घ्या, पण खिंडी नकाशावर तपासाच.