नाशिकच्या गंगापूर रोडवरचं विमान सिम्युलेटर सेंटर: चित्र झकास, पण आधी स्टिक तपासा

तीन मोठे स्क्रीन, दोन पायांच्या मधोमध स्टिक, डाव्या हाताला थ्रॉटल, रडर पेडल आणि न हलणारं कॉकपिट. ओझरची धावपट्टी, गोदावरी, ढग सगळं सुरेख दिसतं. पण हाताळणीवर प्रोजेक्ट करणाऱ्या एरोनॉटिकलच्या मुलांनी चित्राला भुलू नये, आधी स्टिक हलवल्यापासून स्क्रीनवर परिणाम दिसेपर्यंतचा उशीर मोजावा.

मोबाइल 240 फ्रेमच्या स्लो मोशनवर लावा. हातातली स्टिक आणि स्क्रीनवरच्या कॉकपिटमधली स्टिक एकाच चौकटीत घ्या, झटका द्या, फ्रेम मोजा. (क्षितिजाकडे पाहून मोजू नका, त्यात विमानाचं जडत्व मिसळतं.) एक फ्रेम साधारण 4.2 मिलिसेकंदांची. इथे आधी 36 फ्रेम आल्या, म्हणजे 150 मिलिसेकंद. व्ही-सिंक (चित्र मॉनिटरच्या तालाशी जुळवणारी सेटिंग) बंद करून मॉनिटर गेम मोडवर टाकल्यावर 23 आल्या, म्हणजे साधारण 96 मिलिसेकंद. अमेरिकी लष्करी निकषात पहिल्या दर्जाच्या विमानाला एकूण 0.10 सेकंदाचाच उशीर चालतो. तेवढा उशीर सिम्युलेटरच खाऊन बसला, तर चांगल्या विमानालाही वाईट शेरा मिळणार.

सेटिंगमध्ये 5 टक्के डेडझोन (मध्याजवळचा, स्टिक हलवूनही काहीच न होणारा पट्टा) होता, तो शून्यावर आणा. डेडझोन असला की बारीक दुरुस्ती विमानापर्यंत पोचतच नाही, मग हात जास्त जातो आणि नाक वरखाली झुलू लागतं.

सरळ लँडिंगवर कूपर-हार्पर शेरा (विमान हाताळायला किती सोपं याचा वैमानिकाने दिलेला 1 ते 10 आकडा, 1 सर्वांत चांगला) देऊ नका, तिथे सगळ्यांचेच 2 किंवा 3 येतात. धावपट्टीच्या 200 फूट बाजूने या, 150 फूट उंचीवर मध्यरेषेवर वळा, ठरलेल्या पट्ट्यातच टेका. तीन फेऱ्या झाल्यावरच आकडा द्या आणि सोबत कारण लिहा, खरी किंमत त्या कारणाला आहे. ऑपरेटर प्रत्येक फेरी न कंटाळता रीसेट करून देतो, हे मनापासून आवडलं.

तरीही जमिनीवरच्या खुर्चीत जिवाची भीती नसते, वळताना अंगावर येणारा भार (जी-फोर्स) जाणवत नाही. 25 एप्रिल 1992 ला वायएफ-22 हे अमेरिकी लढाऊ विमानाचं चाचणी रूप एडवर्ड्स हवाई तळाच्या धावपट्टीवर असंच नाक वरखाली झुलत आदळलं. तेजसचे नियंत्रण नियमही (स्टिकच्या हालचालीला विमानाने कसा प्रतिसाद द्यायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर) पहिल्या उड्डाणाआधी अमेरिकेत एफ-16 व्हिस्टा या हवेतल्या सिम्युलेटरवर उडवून पाहिले गेले, ते उगीच नाही.

मोठी उणीव एकच: स्टिकच्या हालचालींची फाइल मिळत नाही, फक्त स्क्रीनचा व्हिडिओ देतात. बुकिंग करतानाच डेटा आउटपुट सुरू करून मागा आणि पेनड्राइव्ह सोबत न्या.