गच्चीवर पफ पॅनलची खोली : अकरा महिन्यांचा अनुभव

शाळेचे युनिफॉर्म शिवायचा आमचा धंदा. या धंद्यातली खरी मरमर एप्रिल-मे महिन्यात, कारण जूनमध्ये शाळा भरायच्या आत माल दुकानात पोचावा लागतो. म्हणजे सोलापुरात कावळासुद्धा सावली सोडत नाही, नेमक्या त्याच दिवसांत आमच्या मशीन सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत चालतात. खाली जागा उरली नव्हती, म्हणून गेल्या डिसेंबरात गच्चीवर बारा बाय वीस फुटांची खोली पफ पॅनलमध्ये, म्हणजे दोन पत्र्यांमधे फोम भरलेल्या तयार फळ्यांची, उभी केली. आता नोव्हेंबर लागलाय. उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढून झाले, तेव्हा लिहायला हरकत नाही.

विटांची का नाही बांधली, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. घर जुनं, भिंतींवर उभं, कॉलम नाहीत. नऊ इंची वीटकाम चौरस मीटरला चारशे किलोच्या वर जातं, हे घर ते पेलणार नाही, असं इंजिनिअरनी स्पष्ट सांगितलं. ६० मिमीचा पॅनल तेवढ्याच जागेला जेमतेम दहा-अकरा किलो भरतो. दुसरं कारण पाणी. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसाआड येतो. ते पाणी पिंपात भरायचं की नव्या भिंतींवर मारत बसायचं? पॅनलच्या कामाला पाणी लागत नाही. सांगाड्याला चार दिवस, पॅनल चढवायला तीन. शिडी, दारं-खिडक्या, लाइट फिटिंग धरून सव्वातीन लाख गेले.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. दोन बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा आणि मधे पॉलियुरेथेनचा फोम, असा हा सँडविच. कोल्ड स्टोरेजच्या भिंती असतात ना, तोच प्रकार. ठेकेदार मात्र 'स्ट्रक्चरल पॅनल आहे, सांगाडा नको, पैसे वाचवा' म्हणत होता. भाचा सिव्हिलला आहे, त्याने तिथेच अडवलं. अमेरिकेत ज्याला स्ट्रक्चरल इन्सुलेटेड पॅनल म्हणतात त्यात दोन्हीकडे लाकडी चिपांचे जाड बोर्ड आणि मधे बहुतेक वेळा थर्माकोल असतो, आणि तो पॅनल स्वतःच छताचा भार घेतो. १९३०च्या दशकात मॅडिसनच्या सरकारी लाकूड प्रयोगशाळेत त्याचे पहिले प्रयोग झाले. आपल्याकडे मिळणारा पत्र्याचा पफ पॅनल म्हणजे ते नव्हे. घराला लोखंडी ट्यूबचा सांगाडा लागतोच. तो आम्ही नटबोल्टने खालच्या भिंतींवरच्या बीममध्ये पक्का केला. मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात शेजारच्यांचे पत्रे रस्त्यावर आले, आमचं छत जागचं हललं नाही. त्या रात्री भाच्याला फोन करून शाबासकी दिली.

आता मुद्द्याचं, म्हणजे ऊन. भिंतीला ६० मिमी आणि छताला ८० मिमी घेतलं. उष्णता आत किती झिरपते ते मोजायचा यू-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो, जितका कमी तितकं बरं. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छताला तो १.२ च्या वर नको असं आहे. आमच्या छताचा हिशेब ०.३ च्या आत बसतो आणि नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबचा तीनच्या वर जातो, असं भाच्याने वहीत मांडून दाखवलं. मला वहीपेक्षा हाताला कळतं. मेमध्ये दुपारी तीनला खाली स्वयंपाकघरात स्लॅबला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं वाटतं. वर पॅनलच्या छताला आतून हात लावला तर गार नाही, पण हात सुखाने ठेवता येतो.

पण हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात आमची फजिती झाली. एप्रिलची सुरुवात, सहा बायका कामाला, चार मशीन आणि कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. दुपारी बरं वाटायचं. पाच वाजले की गुदमरायला लागायचं. बाहेर गच्चीवर झुळूक, आत भट्टी. आमच्याकडची एक बाई पदराने वारा घेत म्हणाली, "अक्का, ही खोली हाय का थर्मास?" ती हसण्यावारी बोलली, पण बोलली ते खरं होतं. थर्मासमध्ये बाहेरची उष्णता आत येत नाही, तशी आतली बाहेरही जात नाही. हजार वॉटची इस्त्री, सहा माणसांच्या अंगाची ऊब, मशीनच्या जुन्या क्लच मोटारी (या तर शिवत नसतानाही फिरत राहतात आणि तापतात), आणि वर पश्चिमेच्या खिडकीतून येणारं तिरपं ऊन. हे सगळं आत साठत होतं. विटांच्या घरात यातलं थोडं भिंती पिऊन घेतात. पॅनलच्या पोटात तेवढं वजनच नाही.

मग एकेक बदल केला. इस्त्रीचं टेबल दाराबाहेर ताडपत्रीखाली नेलं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई लावली. आतून पडदा लावून उपयोग होत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. वरच्या बाजूला एक्झॉस्ट बसवला. मोटारी सर्व्होच्या, म्हणजे शिवतानाच फिरणाऱ्या, घेतल्या, त्यांनी विजेचं बिलही उतरवलं. चारशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आणून मीच नोंद ठेवली. मेमधल्या एका दुपारी अडीचला गच्चीच्या सावलीत ४३, खाली स्लॅबच्या खोलीत ३८, वर नुसत्या पंख्यावर ३६. फरक दोनच अंशांचा दिसतो, पण वर सहा माणसं काम करत होती आणि खाली कोणी नव्हतं. रात्री अकराला खाली अजून ३५, कारण स्लॅब दिवसभराचं ऊन ओकत असतो. वर खिडक्या उघडल्या की अर्ध्या तासात ३०. मे महिनाभर आम्ही दोघं वरच झोपलो. सासूबाईंना त्यांच्या माहेरचं माळवद आठवलं, पण जिना चढवेना म्हणून त्या खालीच.

पावसाळ्याबद्दल तक्रार आहे. मृगाच्या पहिल्याच सरीला दोन ठिकाणी गळलं आणि शिवून ठेवलेल्या चाळीस पिनोफ्रॉकवर डाग पडले. ठेकेदाराने चार वेळा 'उद्या येतो' सांगितलं आणि मग फोनच उचलेना. शेवटी ह्यांनी वर चढून बघितलं. छताच्या स्क्रूखालचे रबरी वॉशर इतके आवळले होते की ते चिरून गेले होते. वॉशर जेमतेम दबला पाहिजे, चेपला नाही. तेवीस स्क्रू बदलले, सांध्यांना सिलिकॉन भरलं, तेव्हा थांबलं. आवाजाचं म्हणाल तर साध्या पत्र्याइतका ताशा वाजत नाही, पण जोराच्या पावसात फोनवर बोलता येत नाही.

आगीचं कुणी आधी सांगत नाही, म्हणून जरा ठळकपणे लिहिते. हा फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आमच्याकडे तर कापडाच्या चिंध्यांचे ढीग. जिन्याच्या कठड्याला वेल्डिंग करायला आलेला पोरगा पॅनलच्या कापलेल्या कडेपासून हातभर अंतरावर ठिणग्या उडवत होता, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. काम थांबवलं. मग सगळ्या उघड्या कडा पत्र्याच्या यू-चॅनलने झाकून घेतल्या, वायर पाइपातून नेल्या, दाराशी अग्निशामक टांगला. वर गॅस नाही, देवाचा दिवासुद्धा नाही. पुन्हा बांधायची वेळ आली तर इस्त्रीच्या बाजूची भिंत रॉकवूलच्या, म्हणजे मधे फोमऐवजी दगडाच्या तंतूंची लोकर भरलेल्या, पॅनलची घेईन. तो जड असतो, उष्णताही थोडी जास्त सोडतो, पण जळत नाही.

बाकी किरकोळ. भिंतीत खिळा ठोकून कॅलेंडरपलीकडे काही टांगता येत नाही. रॅक, पंखे, सगळं सांगाड्याला धरूनच. तेव्हा कुठे काय टांगायचं ते पॅनल चढायच्या आधी ठरवा आणि तिथे आडवी ट्यूब मारून घ्या. आम्ही दोन ठिकाणी विसरलो. आणि मशीनचा आवाज पत्र्यावर आदळून दुप्पट होतो, त्याला अजून उपाय सापडलेला नाही.

मागच्या आठवड्यात गल्लीतले एक जण खोली बघायला आले. त्यांचा लोणच्या-पापडाचा धंदा आहे, शेगड्या दिवसभर पेटलेल्या. मी त्यांना चहा पाजला आणि विटांच्याच भिंती बांधा म्हटलं.