व्यवसायाच्या ब्लॉगसाठी वाचक विकत घेतले, त्याची हकीकत

शिलाई यंत्रांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची विक्री हा माझा व्यवसाय असून त्याच्या जोडीला मी सात वर्षे एक ब्लॉग चालवत होतो. आठवड्याभरात ग्राहकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी एक निवडायचा आणि यंत्र समोर ठेवून त्याचे उत्तर जमेल तितक्या नेमकेपणाने लिहायचे, एवढीच त्याची पद्धत होती. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की बहुतेक जण बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात आणि तिच्या पेटीचा स्क्रू आवळत बसतात. वास्तविक तो गुंता बहुधा वरचा दोरा त्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत नीट न बसल्यामुळे होतो आणि कापड दाबून धरणारा प्रेसर फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवला की सुटतो. अशा लेखांना महिन्याला चारशेच्या आसपास वाचक मिळत. ते शेवटपर्यंत वाचत आणि त्यांतले काही जण उलट नवा प्रश्न विचारत, त्यामुळे पुढच्या आठवड्याचा विषय मला शोधावा लागत नसे.

हे चारशे मला कमी वाटू लागले आणि नेमक्या त्याच सुमारास ऑनलाइन प्रसिद्धीचे काम करणाऱ्या एका कंपनीचा माणूस भेटायला आला. सहा महिन्यांत वाचक दहापट करू आणि गूगलच्या शोधात पहिला क्रमांक मिळवून देऊ, अशी लेखी हमी त्याने दिली. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच साइटमालकांसाठीच्या मार्गदर्शनात सांगते. ते मी वाचले असते तर ही हकीकत लिहिण्याची वेळ आली नसती. मी मात्र वर्षभराचे पैसे आगाऊ भरले, सगळे पासवर्ड दिले आणि 'नूतनीकरणाची कटकट आमच्यावर सोपवा' असे त्यांनी म्हटल्यावर डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ताही, त्यांच्या खात्यात वळवू दिले. भेटींची मोजणी करणारे ॲनालिटिक्सचे खातेही त्यांनी आपल्याच नावाने नव्याने उघडले, आणि त्यात मला विचित्र असे काही वाटले नाही.

त्यानंतर आठवड्याला एकाऐवजी रोज एक लेख येऊ लागला आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रंगीत आलेखांचा अहवाल येऊ लागला, ज्यातली रेघ कधीही खाली आली नाही. तिसऱ्या महिन्यात भेटींचा आकडा सहा हजारांवर गेला. त्याच महिन्यात ब्लॉग वाचून फोन करणारे ग्राहक जवळजवळ थांबले होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी मला झाली नाही, कारण अहवाल वाचायला सुखद होता. मी स्वतःच्या ब्लॉगवरचे लेखही वाचत नव्हतो, हे कबूल करायला आजही लाज वाटते.

वाचत होती एक जुनी ग्राहक. त्यांनी लिहिले, "दोऱ्याच्या गुंत्यासाठी आधी वरचा दोरा पाहा, असे तुम्हीच मला शिकवले होते. आता तुमच्याच ब्लॉगवर बॉबिनचा स्क्रू घट्ट करा असे लिहिले आहे. तसे केल्यावर दोरा तुटू लागला. नक्की काय खरे?" मी तो लेख उघडला. दुसऱ्या कोणाचा तरी मजकूर उचलून, शब्द इकडचे तिकडे करून, शिलाई यंत्राला कधी हात न लावलेल्या माणसाने तो जोडला होता. त्या दिवसापर्यंत असे १६० लेख माझ्या नावाने प्रसिद्ध झाले होते.

त्या रात्री पहिल्यांदा मी ॲनालिटिक्सचे मूळ खाते पाहण्याचा हट्ट धरला, आणि बऱ्याच टाळाटाळीनंतर ते केवळ पाहण्यापुरते मिळाले. ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत दहा सेकंदांहून अधिक टिकलेली, दुसरे पान उघडलेली किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती घडलेली भेटच 'गुंतलेली' मानली जाते, आणि सहा हजारांतल्या बहुतेक भेटी यांपैकी एकाही कसोटीला उतरत नव्हत्या. त्या शोधातून किंवा कोणाच्या दुव्यावरून आलेल्या नव्हत्या, थेट आलेल्या होत्या. पहाटेच्या ठराविक तासाला, एकाच आकाराच्या पडद्यावरून. थोडक्यात, तो एक प्रोग्राम होता आणि त्याला शिवणकाम येत नव्हते.

खरी मोजदाद सापडली ती सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात. गूगलच्या शोधातून किती जण आले हा आकडा तेथे गूगल स्वतःच्या नोंदींतून देते, त्यामुळे साइटवर बनावट भेटी पाठवून तो फुगत नाही. माझे ते खाते फार पूर्वीचे आणि विसरलेले असल्याने कंपनीच्या हाती लागले नव्हते. तेथे १६ महिन्यांची माहिती राहते, म्हणून आधीचे आणि नंतरचे दोन्ही काळ एका रेघेवर दिसले: शोधातून येणारे वाचक निम्म्याहून कमी झाले होते. शिवाय अनैसर्गिक, म्हणजे क्रमांक वाढवण्यासाठी इतर साइटींवर विकत लावलेल्या, दुव्यांबद्दल गूगलने कारवाई केल्याची सूचना दोन महिन्यांपासून तेथे पडून होती. विकतच्या दुव्यांविरुद्ध गूगलने २०१२ मध्ये शोधाच्या क्रमवारीत 'पेंग्विन' नावाचा बदल आणला आणि मार्च २०२४ पासून केवळ क्रमांकासाठी घाऊक प्रमाणात पाडलेल्या मजकुराविरुद्धही स्वतंत्र नियम केला. माझ्या पैशांतून दोन्ही गोष्टी चालल्या होत्या.

करार मोडतो म्हटल्यावर उत्तर आले की डोमेन त्यांच्या खात्यात आहे आणि 'सुटकेचे शुल्क' भरल्याशिवाय हस्तांतराचा कोड मिळणार नाही. डोमेनांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या शोधपानावर डोमेन कोणत्या नोंदणी कंपनीकडे आहे आणि त्याची मुदत कधी संपते हे कोणालाही पाहता येते, पण मालकाचे नाव २०१८ पासून बहुधा झाकलेले असते. म्हणून आपल्या डोमेनच्या नोंदीत मालक म्हणून आपलेच नाव आणि आपलाच ईमेल आहे ना, हे नोंदणी कंपनीच्या खात्यात स्वतः शिरून पाहावे लागते. मी वकिलाचा सल्ला घेतला, हिशेब मांडला आणि शेवटी शुल्क भरले. भांडणात महिने गेले असते आणि मुदत जवळ आली होती.

साफसफाईला चार महिने लागले. लेखांपैकी १६० काढले, ज्यांचा मजकूर उचलला होता त्यांतल्या सापडलेल्या तिघांची लेखी माफी मागितली, विकतच्या दुव्यांची यादी नाकारण्यासाठी गूगलकडे पाठवली आणि फेरविचाराच्या दुसऱ्या अर्जावर कारवाई उठली. जुने वाचक सगळे परतलेले नाहीत. या आठवड्याचा लेख त्याच ग्राहकाच्या नव्या प्रश्नावर आहे: ताणल्या जाणाऱ्या कापडावर टाके सुटतात तेव्हा बोथट गोल टोकाची सुई का लावावी.