दहा महिने मार्टिन बेकच्या संगतीत

गेल्या वर्षी जूनमध्ये, पावसाची पहिली सर येऊन गेल्यावर हाती घेतलेले वाचन यंदा मार्चअखेर संपले. माय श्योवाल आणि पेर वाल्यो या स्वीडिश लेखकद्वयाने १९६५ ते १९७५ या काळात लिहिलेल्या, स्टॉकहोमच्या मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याभोवती फिरणाऱ्या दहा कादंबऱ्या मी दर महिन्याला एक याप्रमाणे, त्या ज्या क्रमाने प्रसिद्ध झाल्या त्याच क्रमाने, इंग्रजी अनुवादातून वाचल्या. पुस्तक मिटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर मत देणे मला नेहमीच घाईचे वाटत आले आहे. रहस्यकादंबरीच्या बाबतीत तर अधिकच, कारण शेवटच्या पानावरचा धक्का ओसरल्यावर मागे काय उरते हे कळायला काही काळ जावा लागतो. दहा महिन्यांनंतर काय उरले ते येथे नोंदवते. खुनी कोण हे कोठेही सांगितलेले नाही, त्यामुळे ज्यांनी ही पुस्तके वाचलेली नाहीत त्यांनी निर्धास्तपणे पुढे वाचावे.

माझी आवडनिवड कोठून आली हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या पिढीतील अनेकांप्रमाणे मीही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळा पहाड शाळेच्या दप्तरात लपून घरी येत, दिवेलागणीपर्यंत वाचून होत आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या दप्तरात जात. पुढे ॲगाथा ख्रिस्ती आली. पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केलेल्या या बाईंना विषांची नेमकी माहिती होती, आणि त्यांच्या कोड्यांनी मला प्रत्येक वाक्य दोनदा वाचायची सवय लावली. त्यानंतर मात्र मी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका म्हणून रुजू झाले आणि एकतीस वर्षे सरतपास आणि उलटतपास उतरवून घेत राहिले. साक्षीदार कधी सलग बोलत नाही. तो तारीख विसरतो, मग पुतणीच्या साखरपुड्यावरून ती आठवतो, वकिलांनी तोच प्रश्न फिरवून विचारला की गोंधळतो, आणि कामाची गोष्ट नेमकी कोणी न विचारता बोलून जातो. हे रोज कानांवर पडू लागल्यावर, सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात बसवून गुप्तहेराने घटकाभरात उलगडा करावा आणि गुन्हेगाराने तेथल्या तेथे कबुली द्यावी, हे मला वाचवेना. रहस्यकादंबऱ्या माझ्या हातून जवळजवळ सुटल्या.

त्या 'रोझॅना' या मालिकेतील पहिल्या पुस्तकाने परत आणल्या. योटा कालव्यावर मोताला गावाजवळ, बोरेनस्हुल्टच्या जलपाशांपाशी, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दारांपाशी, गाळ उपसण्याचे काम चालू असताना ८ जुलैच्या दुपारी यंत्राच्या बादलीतून एका तरुणीचे प्रेत वर येते. अंगावर कपडा नाही, ओळख पटेल अशी एकही वस्तू जवळ नाही आणि तिच्यासारखी कोणी हरवल्याची तक्रारही कोठे नाही. स्टॉकहोमहून मार्टिन बेक मदतीला येतो, आणि मग पानामागून पान काहीही घडत नाही. पत्रे जातात, उत्तरे येत नाहीत. बेकला सर्दी होते, पोट बिघडते, घरी बायकोशी बोलायला विषय उरत नाही. मोतालाचा पोलीस अधिकारी आल्बर्ग आणि तो फोनवर एकमेकांना तेच ते विचारत राहतात. ती तरुणी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराची ग्रंथपाल होती, एवढे कळायलाच कितीतरी आठवडे जातात. तेथील पोलीस अधिकाऱ्याने तिच्या मैत्रिणीची आणि एका मित्राची घेतलेली जबानी पुस्तकात प्रश्नोत्तरांच्या रूपात, मध्ये लेखकाचा एक शब्दही न घालता दिली आहे. ती पाने मी तीनदा वाचली. माणूस जबानी देताना कसा अडखळतो, कोठे चिडतो आणि कोठे नको इतके सांगून टाकतो, हे इतके खरे उतरलेले मी एकतीस वर्षांच्या कागदांबाहेर प्रथमच पाहिले.

पुढे ती ज्या 'डायना' बोटीतून प्रवास करत होती तिच्यावरील प्रवाशांचा शोध घेऊन, त्यांनी सुट्टीत काढलेली छायाचित्रे आणि हौसेने चित्रित केलेल्या फिती मागवल्या जातात. अंधाऱ्या खोलीत अशाच एका फितीत ती तरुणी चालताना, वळताना काही क्षण दिसते. तोवर ती आपल्यासाठी शवविच्छेदनाच्या अहवालातील मजकूर असते. त्या काही क्षणांत ती बाई होते, आणि तिच्यासाठी इतके महिने चिवटपणे कागद हलवणाऱ्या माणसांविषयी एकदम आदर वाटू लागतो. या दृश्यापाशी मी दहाही पुस्तके वाचायचे ठरवले.

या लेखकांचे मोठेपण माझ्या मते वाट पाहण्यात आहे. गुन्ह्याचा तपास हे बुद्धीइतकेच चिकाटीचे काम असते, आणि त्यातला बराचसा वेळ निष्फळ जातो, ही गोष्ट त्यांनी न लपवता, उलट कथेचा गाभा करून मांडली. त्यांच्याकडे अलौकिक बुद्धीचा नायक नाही; एक कचेरी आहे आणि तिच्यात एकमेकांशी फारसे न पटणारी माणसे आहेत. लेनार्ट कोलबर्ग जाडजूड, खवय्या आणि बायकोवर जिवापाड प्रेम करणारा; नोकरीत पूर्वी त्याच्या हातून चुकून एक सहकारी मारला गेला, तेव्हापासून तो पिस्तूल जवळ बाळगत नाही. गुनवाल्ड लार्सन श्रीमंत घरचा, उर्मट आणि कपड्यांच्या बाबतीत अतिशय चोखंदळ. पाइप ओढत बसणाऱ्या फ्रेड्रिक मेलँडरला दहा वर्षांपूर्वी वाचलेल्या कागदावरचा मजकूर आठवतो. आमच्या न्यायालयातही असे एक नाझर होते, आणि जुने प्रकरण सापडेनासे झाले की सगळे अभिलेख कक्षाऐवजी आधी त्यांच्याकडे जात. मालमो शहराच्या पोलिसांतला मोन्सन सतत दातकाडी चघळतो. ही सगळी माणसे दहा पुस्तकांत दहा वर्षांनी थोराड होतात, कोणाचे लग्न मोडते, कोणाला मूल होते, कोणी नोकरीला कंटाळतो.

क्रमाने वाचण्याचा आग्रह मी धरते तो यासाठीच. बहुतेक वाचक चौथ्या पुस्तकापासून सुरुवात करतात, कारण 'द लाफिंग पोलिसमन' सर्वांत गाजलेले आहे. रहस्यसाहित्यासाठी दिला जाणारा अमेरिकेचा एडगर पुरस्कारही त्याला १९७१ मध्ये मिळाला. व्हिएतनाम युद्धाविरोधातील निदर्शने आवरण्यात पोलीस गुंतलेले असताना, नोव्हेंबरच्या पावसाळी रात्री स्टॉकहोममधील एका दुमजली बसमध्ये गोळीबार होतो, आणि मृतांत बेकच्या पथकातील ओके स्टेनस्ट्रॉम हा तरुण अधिकारी सापडतो. ज्याने आधीची तीन पुस्तके वाचली आहेत त्याने या मुलाला कामे शिकताना, वरिष्ठांची बोलणी ऐकताना पाहिलेले असते. थेट चौथे पुस्तक उघडणाऱ्याला तो केवळ एक मृतदेह वाटेल. माझे त्या रात्री पुढे वाचन झाले नाही. त्याची वाग्दत्त वधू ओसा तोरेल हिचे दुःख या पुस्तकात ज्या संयमाने रंगवले आहे तो विलक्षण आहे, आणि पुढील पुस्तकांत ती स्वतः पोलीस खात्यात दाखल झालेली भेटते तेव्हा ओळखीच्या घरातली मुलगी सावरल्याचे समाधान मिळते. पहिल्या पुस्तकातील एक माणूस नवव्यात पुन्हा समोर येतो, तो प्रसंगही क्रम सोडणाऱ्याला निम्माच कळेल.

श्योवाल आणि वाल्यो आयुष्याचे जोडीदार होते. मुले झोपल्यावर रात्री समोरासमोर बसून, प्रकरणे वाटून घेऊन ते लिहीत. दहा पुस्तके म्हणजे तीस-तीस प्रकरणांची एकच दीर्घ कादंबरी, असा त्यांचा आराखडा सुरुवातीपासून होता, आणि मालिकेला त्यांनी 'एका गुन्ह्याची कादंबरी' अशा अर्थाचे उपशीर्षक दिले. तो गुन्हा कोणता, हे हळूहळू उमगते. दोघेही मार्क्सवादी होते आणि स्वीडनचे कल्याणकारी राज्य सामान्य माणसाला वाऱ्यावर सोडत आहे असे त्यांचे ठाम मत होते. पहिल्या तीन पुस्तकांत हे मत आडून येते: एखादी ओस पडलेली वसाहत, दारूत बुडालेला एकटा म्हातारा, ज्याच्या मरणाची दखल कोणी घेत नाही असा एखादा भाडेकरू. तेथे ते मनाला भिडते.

माझी पहिली तक्रार याच जागी सुरू होते. सहाव्या पुस्तकापासून लेखक पात्रांना बाजूला सारून स्वतः बोलू लागतात. १९६५ मध्ये स्वीडनचे पोलीस दल राष्ट्रीय करण्यात आले, त्यावरील टीका इतक्या वेळा आणि इतक्या समान शब्दांत येते की ती वाचकाला पाठ व्हावी. टीका चुकीची आहे असे मी म्हणत नाही. पण जी गोष्ट म्हाताऱ्याच्या थंड खोलीच्या वर्णनाने पटली होती, ती व्याख्यानाने नव्याने पटत नाही. आठव्या 'द लॉक्ड रूम' मधील सरकारी वकील, ज्याला सगळे बुलडोझर म्हणतात, तो तर अर्कचित्रच झाला आहे. तरीही त्याच पुस्तकातील खटल्याचा निकाल वाचून मी बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते. कागदपत्रे नियमानुसार, साक्षी नियमानुसार, निकालही नियमानुसार, आणि सत्य मात्र भलतीकडेच राहिलेले. न्यायालयात काम केलेल्या कोणालाही ते प्रकरण झोंबेल.

दुसरी तक्रार स्त्रियांच्या चित्रणाविषयी आहे. ओसा तोरेल आणि आठव्या पुस्तकात येणारी रेआ नील्सन या दोघी जिवंत आहेत. रेआ तर स्वयंपाकघरात माणसे जमवून, त्यांना खाऊ घालून मालिकेची हवाच बदलते. पण इतर अनेक स्त्रिया पानावर आल्या की आधी त्यांच्या शरीराचे वर्णन येते, आणि ते तपासासाठी लागणारे नसते. एका लेखिकेचा हात असलेल्या पुस्तकांत हे वारंवार यावे याचे मला वाईट वाटले. शिवाय क्रिस्टियनसन आणि क्वांट या गस्ती पोलिसांच्या फजितीचे प्रसंग पहिल्यांदा गमतीचे वाटतात, नंतर तोचतोचपणा येतो.

वाचकाच्या उपयोगाच्या काही गोष्टी. स्वीडिश नावे सुरुवातीला डोक्यात राहत नाहीत. मी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर नावे, हुद्दे आणि एकेक खूण लिहून तो खूणपट्टी म्हणून वापरला. तिसऱ्या पुस्तकानंतर त्याची गरज पडली नाही. निरनिराळ्या पुस्तकांना निरनिराळे अनुवादक आहेत, त्यामुळे संवादांची लय थोडी बदलते, परंतु वाचन अडत नाही. माझ्याकडील पहिल्या पुस्तकाला हेनिंग मानकेल या स्वीडिश रहस्यकादंबरीकाराची प्रस्तावना आहे. ती उत्तम आहे, मात्र प्रस्तावना कोणाचीही असो, ती कादंबरी संपल्यावर वाचावी असा माझा नियम आहे. जुनी प्रत मागवणाऱ्यांनी पाने मोजून घ्यावीत. माझ्या सहाव्या पुस्तकात १६० नंतर थेट १७७ वे पान होते. विक्रेत्याने पैसे परत केले, पण दुसरी प्रत येईपर्यंत तपासाच्या ऐन मध्यावर अकरा दिवस थांबावे लागले, आणि 'मर्डर ॲट द सॅव्हॉय' माझ्या मनात विस्कळीत राहिले ते कदाचित त्यामुळेही असेल. दरमहा एकाहून अधिक पुस्तके सलग वाचू नयेत. डिसेंबरात मी दोन वाचायचा प्रयत्न केला, तेव्हा माणसांपेक्षा लेखकांच्या लकबीच अधिक दिसू लागल्या, म्हणून दुसरे बाजूला ठेवले.

निवडच करायची असेल तर माझी पसंती पहिल्या, चौथ्या आणि सातव्या पुस्तकाला. सातवे, 'द ॲबॉमिनेबल मॅन', साधारण एका दिवसभरात घडते. आधीच्या पुस्तकांतील रेंगाळलेल्या महिन्यांनंतर तो वेग अंगावर येतो. एक पोलीस अधिकारी रुग्णालयात मारला जातो आणि त्याने आयुष्यभर लोकांशी कसे वर्तन केले याचे जुने अर्ज एकेक करून बाहेर येतात. प्रत्येक अर्जावर तथ्य आढळले नसल्याचा शेरा. अशा शेऱ्यांची टिपणे मी स्वतः टंकलिखित केली आहेत, आणि त्या अर्जदारांचे चेहरे मला ते वाचताना आठवत राहिले.

शेवटचे पुस्तक 'द टेररिस्ट्स' १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पेर वाल्यो वारले. ते ४८ वर्षांचे होते. त्यानंतर ४५ वर्षे जगूनही माय श्योवाल यांनी अकरावे पुस्तक लिहिले नाही. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. शेवटच्या पुस्तकात व्याख्याने पुष्कळ आहेत, तरी त्यात रेबेका लिंड नावाची एक साधी, कोणाच्या अध्यात न मध्यात असलेली मुलगी आहे, जिला कायद्याची भाषाच समजत नाही. तिच्या खटल्याची सुरुवातीची पाने मालिकेतील सर्वोत्तम पानांत मी मोजते. न्यायाधीश, वकील आणि साक्षीदार आपापले बोलतात, आणि जिच्यासाठी हे चालले आहे ती मुलगी आपल्याला काय विचारले हेच न कळून गप्प उभी राहते.

गेल्या आठवड्यात 'रोझॅना'ची माझी प्रत, आत तो नावांचा पुठ्ठा ठेवून, माझ्या जाऊबाईंना दिली. परवा त्यांचा फोन आला. "अहो, शंभर पाने झाली, अजून काहीच घडेना," त्या म्हणाल्या. फिती मागवल्या का, एवढेच मी विचारले. नाही म्हणाल्या. मग मी पुढे काही बोलले नाही.